छप्पन्न मिलिमीटर

तेरुएलच्या वर, डांबर संपून
शेळ्यांची वाट सुरू होते तिथे
डुकराच्या मांड्या वाळवायची आमच्या बापाची खोली आहे.
आता तिचं छप्पर रुळांवरून सरकतं.
तुळईचे आकडे तसेच आहेत;
एकाला मी माझा कोट अडकवते,
एउलोखिओ दुर्बिणीचं झाकण.
मीठ आणि चरबीचा वास भिंतीत मुरलाय.
तो म्हणतो, जो वारा मांस सडू देत नव्हता
तो आरशावर दंवही धरू देणार नाही.

आठ इंची आरसा. आखूड, जाड नळी.
अशीला म्हणे वेगवान म्हणतात. मी म्हणते उतावळी.
लांबुडकी दुर्बीण चार रात्री घेईल
तेवढा उजेड ही एका रात्रीत ओढते,
पण केसभर चूक पोटात घालत नाही.

आधी तासभर नुसतं बसायचं,
आरसा मार्चच्या रात्रीइतका गार होईस्तोवर.
मग लेझर. लाल ठिपका
मोठ्या आरशावरच्या कागदी कड्यात आणायचा,
तिरक्या छोट्या आरशाचे तीन स्क्रू,
मग मोठ्याच्या पाठचे तीन.
स्क्रू मी फिरवते.
चाळीस वर्षं सारागोसाच्या कारखान्यात
शतांश मिलिमीटर कातणारा हात
आता चमचाभर सूप तोंडापर्यंत नेत नाही.
त्याबद्दल आम्ही बोलत नाही.
"पाव फेरा. अगं पाव!
रहाट ओढतेयस काय विहिरीचा?"
"मग ये तूच इकडे."
आणि मग दोघंही गप्प.
ठिपका जागेवर.

तीन रात्री असंच.
तीन रात्री फोटोच्या मधोमध तारे मोहरीसारखे गोल
आणि चारी कोपऱ्यांत बेडूकमासे,
शेपट्या बाहेर काढून पळत सुटलेले.
त्यानं करेक्टर काढला, घातला, परत काढला.
नळीला शिव्या दिल्या, मला, मेलेल्या बापाला,
गावच्या एकुलत्या एक दिव्याला.

चौथ्या दुपारी मसूर निवडता निवडता
मी सहज विचारलं:
"कॅमेऱ्यापुढे ती नवी काच बसवलीस,
ती धरलीस का पंचावन्नात?"

हातातला पाव हातातच राहिला.

तीन मिलिमीटरची काच. तिच्यातून जाताना
उजेडाचा नेम एक मिलिमीटर मागे सरकतो.
करेक्टरपासून चिपपर्यंत पंचावन्न नव्हे, छप्पन्न.
हे त्याला ठाऊक होतं.
गेल्या हिवाळ्यात त्यानंच मला शिकवलं होतं.

रविवारी कडं कुठून आणणार?
तारल्यांचे डबे फोडले. एकेक झाकण वीस शतांश.
पाच झाकणं. मी कात्रीनं कडी कापली,
त्यानं व्हर्नियर टेबलावर टेकवून मोजली,
दोनदा, ओठ हलवत.
तारल्या आम्ही खाल्ल्या, मांजरानं खाल्ल्या,
खालच्या घरातल्या फेलिसिदादच्या कुत्र्यालाही पुरल्या.

रात्री अरुंधतीकेश डोक्यावर आला.
तीन मिनिटांचा पहिला फोटो पडद्यावर उतरला:
एक बारीक, लांब दीर्घिका, कडेवर उभी,
मध्ये किंचित फुगलेली सुई
आणि लांबीभर धुळीची काळी रेघ.
सुमारे चार कोटी वर्षं चालत आलेला उजेड.
शेवटच्या मिलिमीटरला अडून बसला होता.

मी सुईकडे बघत होते.
तो म्हणाला, "कोपरे दाखव."
एक कोपरा मोठा केला. गोल.
दुसरा. गोल. तिसरा, गोल.
चौथा जरासा, अगदी जरासा लांबट.

"उद्या," मी म्हणाले.
"पाव फेरा," तो म्हणाला.
"पावाहून कमी."

आकड्यावरचा कोट काढला
तर बाहीला माशांचा वास.
तो स्टुलावर बसून राहिला पुढच्या तीन मिनिटांसाठी,
दोन्ही हात मांड्यांखाली दाबून,
टेबल हलू नये म्हणून.